आठ महिने, सात वाचक आणि सुटलेली सोळा पानं : 'द डे ऑफ द जॅकल'

जुलैत रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून हे पेपरबॅक ऐंशी रुपयांना उचललं. पाऊस आणि दोन रात्री, एवढ्यात संपवलं. घरच्या ग्रुपवर लगेच जाहीर केलं : "हातातून सुटत नाही, पाच तारे." त्या उत्साहाचा परिणाम असा झाला की पुस्तक खरंच माझ्या हातात राहिलं नाही. आठ महिन्यांत सात जणांकडे फिरलं, मधे जानेवारीत मी दुसऱ्यांदा वाचलं, आणि आता ते पाच तारे थोडे खाली उतरवायचे आहेत. एक वरही चढवायचा आहे. सांगते.

आधी माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. अल्जीरियाला 1962 साली स्वातंत्र्य मिळालं म्हणून चिडलेले फ्रेंच लष्करातले लोक राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या जिवावर उठलेले. ऑगस्ट 1962 मध्ये पॅरिसजवळ त्यांच्या गाडीवर गोळ्यांचा पाऊस पडला, तरी ते वाचले. इथवर इतिहास. पुढे कादंबरी : या लोकांची गुप्त संघटना पोखरली गेली आहे म्हणून उरलेले म्होरके बाहेरचा, कोणालाच माहीत नसलेला मारेकरी पाच लाख डॉलरला ठरवतात. तोच जॅकल. लेखक फ्रेडरिक फोर्सिथ त्या काळात पॅरिसमध्ये रॉयटर्सचे वार्ताहर होते. 1970 च्या जानेवारीत, हातात पैसे नसताना, पस्तीस दिवसांत त्यांनी हे लिहिलं. प्रकाशकांनी परत पाठवलं, कारण द गॉल जिवंत आहेत हे सगळ्या जगाला ठाऊक. पुस्तक शेवटी 1971 साली आलं. त्याआधीच द गॉल आपल्या गावच्या घरी वारले होते. त्यामुळे मी शेवट फोडते आहे म्हणून ओरडू नका. शेवट पहिल्या पानाच्या आधीच फुटलेला आहे.

नावाचा एक घोळ. आईला फोनवर सांगितलं, "जॅकल वाचतेय", तर ती दोन क्षण गप्प. मग म्हणाली, "तो पुण्याचा जक्कल? रात्री कशाला असलं वाचतेस?" जोशी-अभ्यंकर खून प्रकरण (जक्कल हा त्यातला एक खुनी) ज्यांच्या तरुणपणी झालं, त्यांना या नावाने अजून दचकायला होतं. तिला हा वेगळा, हे समजवायला दोन फोन लागले.

आता मुद्द्याचं. सगळे म्हणतात वेगवान कादंबरी. मीही म्हटलं. पण दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की यात धावपळ फारच कमी आहे. निम्म्याहून जास्त पुस्तकात माणसं कागद भरतात, कागद शोधतात, कागदाची वाट बघतात. आणि तरी पान उलटत जातं. हे मला उमगलं ते आप्पांमुळे.

आप्पा म्हणजे माझे सासरे. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त. बाहेरच्यांना सांगायचं तर देशाचे पासपोर्ट जिथे छापले जातात ते सिक्युरिटी प्रेस; आमच्याकडे नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरतं. आप्पा कादंबऱ्या वाचत नाहीत. "खोटं कशाला वाचायचं?" हा त्यांचा जुना प्रश्न. मी त्यांना फक्त पासपोर्टचं प्रकरण उघडून दिलं. जॅकल एका खेड्यातल्या दफनभूमीत जातो, लहानपणीच वारलेल्या एका मुलाचं नाव शोधतो, त्याचा जन्मदाखला रीतसर मागवतो आणि त्यावर पासपोर्ट काढतो. आप्पांनी चष्मा वर केला. "अगं, हा पासपोर्ट खराच आहे की! छपाई खरी, कागद खरा, शिक्का खरा. खोटा आहे तो फक्त अर्ज." मग संध्याकाळचा चहा होईपर्यंत ऐकायला मिळालं की आयुष्यभर त्यांनी कागद मोजून घेतला आणि मोजून परत केला, एक शीट इकडची तिकडे झाली तर अख्खा विभाग थांबायचा, आणि हा बाबा मात्र टपालखर्चात काम उरकतो. इंग्लंडात जन्म आणि मृत्यूच्या नोंदी एकमेकींशी जुळवून बघायची पद्धत नव्हती, त्या फटीतून तो आत शिरतो. पुढे लंडनचे पोलीस हीच जुळवणी हाताने करायला बसतात, अर्जांचे गठ्ठे एकीकडे, मृत्यूच्या नोंदी दुसरीकडे. ते पान आप्पांनी दोनदा वाचलं. मला पहिल्या वाचनात ते पान आठवतही नव्हतं, इतक्या वेगाने मी त्यावरून गेले होते. पुस्तकातला खराखुरा बनावट कागद करणारा एकच, तो बेल्जियमचा. त्याचं पुढे जे होतं त्याबद्दल आप्पांना काडीचं वाईट वाटलं नाही.

सासूबाईंनी पुस्तक वाचलं नाही, ऐकलं. आप्पा इंग्रजीतून वाचून मराठीत सांगायचे, त्या मेथी निवडत ऐकायच्या. आणि पुस्तकातली सगळ्यात मोठी चूक त्यांनीच पकडली. सुरुवातीला लेखक सांगतो की 1962 चा हल्ला फसला तो अंधारामुळे : कट रचणाऱ्याने संधिप्रकाशाची वेळ आदल्या वर्षीच्या कॅलेंडरात पाहिली आणि पंचवीस मिनिटांचा फरक पडला. मी हे वाचून चाट पडले होते, चार जणांना सांगितलंही होतं. सासूबाई म्हणाल्या, "मागच्या वर्षीचं कालनिर्णय बघून तिथी चुकेल, एकादशी चुकेल. सूर्यास्त कसा चुकेल? त्या तारखेला तो दरवर्षी तेव्हाच होतो." मी भिंतीवरचं आणि माळ्यावरचं, दोन्ही कॅलेंडरं काढून पाहिली. मिनिटाचाही फरक नाही. इतका सरळ मुद्दा, आणि मी अकाउंट्समध्ये काम करणारी बाई, आकडे तपासणं हाच माझा धंदा. पण लेखक वेळ मिनिटांत सांगतो, रस्त्याचं नाव सांगतो, गाडीचं मॉडेल सांगतो, तेव्हा आपण मान डोलावत पुढे जातो. खरं तर जॅकल जे पासपोर्ट ऑफिसशी करतो तेच फोर्सिथ वाचकाशी करतो. दहा कागद खरे जोडायचे, म्हणजे अकरावा कोणी उलटून बघत नाही.

या शोधाने पुस्तक मनातून उतरलं नाही. उलट मजा वाढली. पण 'अचूक तपशील' हे जे सगळे छातीठोकपणे म्हणतात, ते आता मी म्हणणार नाही.

अंबडला आमच्या ऑफिसात एक सव्वीस वर्षांचा मुलगा आहे, वेब सिरीज पाठोपाठ संपवणारा. त्याने साठाव्या पानावर हात टेकले. "ताई, जॅकलची अजून एक गोळी सुटली नाही, नुसते कर्नल येतायत." त्याचं अगदीच चूक नाही. पहिला भाग कट कसा शिजतो याचा आहे, आणि त्यात फ्रेंच गुप्तचर खात्याच्या शाखा-उपशाखांची वंशावळ लांबते. माझा उपाय : ती आद्याक्षरं लक्षात ठेवायचा प्रयत्नच करू नका, कामाची असतील ती आपोआप लक्षात राहतात. तो मुलगा मात्र परत फिरकला नाही.

नणंदेची गंमत वेगळी. माझ्या प्रतीचा डिंक सुकलेला, तिसऱ्या हातात जाईपर्यंत मधली सोळा पानं सुटून माझ्याच कपाटात राहिली होती. तिने पुस्तक वाचून संपवलं, आवडलं म्हणाली, आणि आठवड्याने विचारलं, "तो धिप्पाड अंगरक्षक कोवाल्स्की, त्याचं पुढे काय झालं गं? एकदम गायबच झाला." मुलीच्या आजारपणाची बातमी पोचवून त्याला फ्रान्समध्ये ओढतात, तो सगळा भाग या पुस्तकातला सगळ्यात क्रूर आणि मला वाटतं सगळ्यात चांगला लिहिलेला. एवढा भाग गाळूनही कथा पुढे सरकते, याला गुण म्हणावं की दोष, माझं अजून ठरत नाही.

शेजारच्या काकूंनी परत देताना एकच वाक्य ऐकवलं : "यातल्या बायका एक तर बातमी काढायला, नाही तर रात्र काढायला." मी बाजू मांडायला गेले आणि मला दाखवण्याजोगी एकही बाई सापडली नाही. अधिकाऱ्याच्या बिछान्यातून बातमी फोडणारी एक, जॅकलला आसरा देऊन जीव गमावणारी एक, आणि जॅकलच्या मागावरचा पोलीस अधिकारी लेबेल याची कटकटी बायको. एक तारा इथे गेला.

सर (निवृत्त इतिहास शिक्षक, आमच्याच गल्लीतले) हे वाचून अस्वस्थ झाले. नाशिकमध्ये राजकीय खुनाचा विषय निघाला की गाडी विजयानंद थिएटरवर जाणारच. 21 डिसेंबर 1909, नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी झाडलेल्या गोळ्या. सर म्हणाले, "त्या अठरा वर्षांच्या पोराच्या हिशेबात स्वतः सुटणं नव्हतंच. हा आधी पळायची वाट शोधतो, मग नेम धरतो. याला कारण नाही, फक्त दर आहे." मग थोडं थांबून, "पण मधेच मला वाटायला लागलं, जमावं याला." हीच तर बोच. मलाही पहिल्या वेळी अर्ध्या पुस्तकापर्यंत जॅकल पकडला जाऊ नये असं वाटत होतं. लेबेल आल्यावर पारडं फिरतं. बुटका, घरात कोणी न विचारणारा, मंत्र्यांच्या बैठकीत कोपऱ्यात बसणारा हा पोलीसच माझ्या मते पुस्तकाचा खरा नायक. बातमी आपल्यातूनच फुटते आहे हे कळल्यावर फोन कोणाचा ऐकायचा, यावर तो काय करतो ते सांगत नाही. वर चढवलेला तारा त्या एका उत्तरासाठी आहे.

हेरकथा म्हणून घ्याल तर एक इशारा. जॅकल हेर नाही, भाडोत्री मारेकरी आहे. हेरगिरी आहे ती त्याच्या मागावरच्यांची. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजारसारखा एक मर्द नायक शोधत जाल तर हात रिकामे राहतील. इंग्रजी सोपी आहे, वाक्यं बातमीसारखी, फक्त फ्रेंच नावांशी सुरुवातीला झटापट होते. जुनी प्रत घेणार असाल तर पाठीचा डिंक दाबून बघा आणि अक्षराचा आकारही. आप्पांना भिंग लागलं.

तर चार तारे. एक चढला, एक गेला, आणि आणखी एक सूर्यास्तापायी.

सध्या पुस्तक पंचवटीत आहे, मावसदिरांच्या लॉजवर. ते दोन तृतीयांशापर्यंत पोचलेत, लेबेल हॉटेलांची नोंदणी कार्डं रोज रात्री मागवतो तिथे. त्यांचा काल फोन आला : "वहिनी, हे कार्डांचं बरोबर लिहिलंय हो. कुंभमेळ्यात आमच्याकडेही असंच, रोज रजिस्टर घेऊन जा." पुस्तक म्हणे काउंटरवर त्या रजिस्टरखालीच ठेवलेलं असतं. सुटलेली सोळा पानं मी रबरबँड लावून वेगळी दिली आहेत.