स्टॅक ओव्हरफ्लो: गुणांच्या हिशेबात कोण फायद्यात?

प्रोग्रामरांच्या या प्रश्नोत्तरांच्या साइटवर (सुरुवात २००८) कोण कसं वागतं, हे गुणांचे नियम वाचले की निम्मं कळतं. खातं १ गुणावर उघडतं. उत्तराला अपव्होट (पसंतीचं मत) मिळालं की १०, विचारणाऱ्याने हिरवी टिक दिली की १५, डाउनव्होट (नापसंतीचं मत) पडलं की २ वजा. अपव्होटांतून दिवसाला २००च्या वर मिळत नाहीत. टिक आणि बाउंटी (चांगल्या उत्तरासाठी कुणी स्वतःच्या गुणांतून लावलेलं बक्षीस) या मर्यादेबाहेर.

गोम अशी की, प्रश्न किती अवघड होता याला भावच नाही. पायथनमध्ये लिस्ट उलटी कशी करायची, हे रोज कुणी ना कुणी शोधतंच, त्यामुळे तसल्या दोन ओळींच्या उत्तराला वर्षानुवर्षे गुण मिळत राहतात. आडबाजूच्या कोड-लायब्ररीतला मेमरी लीक (प्रोग्राम मेमरी अडवून ठेवतो, सोडत नाही, असा दोष) शोधून देणाऱ्याच्या पदरात एक टिक आणि एक अपव्होट, म्हणजे २५. मग मुरलेले लोक सोप्या प्रश्नांवर तुटून पडणारच. त्यांची रीतही ठरलेली: आधी एका ओळीचं उत्तर टाकून जागा धरायची आणि पाच मिनिटांच्या आत ते फुगवायचं. तेवढ्या वेळातले बदल सहसा संपादनाच्या इतिहासात दिसत नाहीत.

डाउनव्होटचा हिशेब तर एकतर्फीच आहे. उत्तराला दिलं तर देणाऱ्याचाही १ गुण जातो, प्रश्नाला दिलं तर फुकट. नवख्यांचे प्रश्न धडाधड आपटतात, त्यामागे हेही एक कारण. शिवाय इतरांच्या पोस्टवर कमेंट करायला ५० गुण लागतात, हा जुना नियम. ते नसलेला माणूस शंका उत्तराच्या चौकटीत लिहितो आणि ती पोस्ट उडवली जाते. नियमानेच करायला लावलेली चूक, दुसरं काय!

बाउंटी मात्र झकास. ५० ते ५०० गुण लावायचे, मुदत सात दिवसांची. गुण लावताक्षणी कापले जातात आणि उत्तर आलं नाही तरी परत मिळत नाहीत. म्हणून आधी प्रश्न धड करा: चालवून बघता येईल एवढाच कोड, पूर्ण एरर, आवृत्तीचा क्रमांक.

उत्तर वाचताना गुणांआधी तारीख बघा. २०१०चं उत्तर साठलेल्या अपव्होटांच्या जोरावर वर बसलेलं असू शकतं. हिरवी टिक म्हणजे विचारणाऱ्याचं काम भागलं, एवढंच. २०२१पासून ते उत्तर आपोआप सर्वांत वरही राहत नाही.

नवं खातं असेल तर दुसऱ्यांच्या पोस्टमध्ये सुधारणा सुचवा. मंजूर झालेल्या प्रत्येक सुधारणेला २ गुण मिळतात.