फ्राइजच्या गाडीला कोणता डबा: ५७ फुटी की ६४ फुटी?

एचओ, म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीव्या भागाएवढ्या मॉडेल रेल्वेमध्ये अमेरिकन मालगाडी जमवणारे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातही फ्रोजन फ्राइजची गाडी चालवणारा कोल्हापुरात बहुधा मी एकटाच. तरी गेल्या महिन्यात दोघांनी फोन करून एकच विचारलं: रीफर, म्हणजे थंड मालाचा डबा, घ्यायचा तर जुना नारिंगी ५७ फुटी घ्यावा, की हल्लीचा पांढरा ६४ फुटी? दोन्ही माझ्याकडे आहेत, म्हणून लिहितोय.

दिसायला ६४ फुटी सरस, यात वाद नाही. टोकाला बसवलेलं कूलिंग युनिट, पोटाखालचे पाइप, कोपऱ्यातल्या केसाएवढ्या पायऱ्या. अंगावर 'एआरएमएन' ही अक्षरं. ती मूळची अमेरिकन रेफ्रिजरेटर ट्रान्झिटची. कंपनी इतिहासजमा झाली, अक्षरं युनियन पॅसिफिक रेल्वेच्या डब्यांवर राहिली. असलं काही कळायला लागलं की माणूस खिशात हात घालतोच.

५७ फुटी डबा पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस या थंड डब्यांच्या कंपनीचा, १९६० च्या दशकातला. एका टोकाला जाळी, जाळीमागे डिझेल इंजिन आणि जनरेटर. त्याआधीच्या डब्यांत बर्फ भरत, जास्त गारठा हवा तर मीठही टाकत. भाजी-फळांना ते पुरायचं. उणे १८ अंशांत ठेवायच्या फ्राइजना नाही. अमेरिकेतल्या आयडाहोचे बटाटा उद्योजक सिम्प्लॉट यांनी १९६७ मध्ये मॅक्डोनाल्ड्सला फ्रोजन फ्राइज द्यायचं कबूल केलं, तो काळ याच डब्यांचा. तुमच्या टेबलावर सत्तरच्या दशकातली इंजिनं असतील, तर पांढरा डबा त्यांच्यामागे नऊवारीवर गॉगल घातल्यासारखा दिसतो. आवडत असेल तर माझी हरकत नाही.

माझा कौल मात्र वेगळ्याच कारणाने ठरला.

माझं टेबल आठ बाय चार, राजारामपुरीतल्या घराच्या माळ्यावर. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आईची गव्हाची कोठी, आणि ती हलवायची नाही असा हुकूम. त्यामुळे वळण १८ इंची त्रिज्येचं, त्यावर इलाज नाही. बटाट्याच्या कारखान्याचा माल चढवायचा धक्का मी वळण सुटतं तिथे बांधला. ५७ फुटी डबा तिथे झकास लागायचा, दार धक्क्याला अगदी चिकटून. ६४ फुटी आला आणि वळणातून निघता निघता त्याचं टोक धक्क्याच्या कोपऱ्याला घासायला लागलं. हळू चालवून पाहिलं, उलटा फिरवून पाहिलं. शेवटी कानस घेऊन धक्काच पाव इंच मागे घेतला. लांब डबा सुटला, पण आता ५७ फुटी उभा केला की दार आणि धक्का यांच्यात एवढी फट, की खऱ्या कारखान्यात फोर्कलिफ्टवाला पॅलेटसकट रुळावर गेला असता. येणाऱ्या पाहुण्याला ती दिसत नाही. मला दुसरं काही दिसत नाही. दोन रविवार त्या फटीकडे बघण्यात गेले आणि तिसऱ्या रविवारी मी धक्का होता तिथे परत आणला.

तुमच्याकडे २४ इंची वळणं असतील तर हे सगळं सोडून द्या. कदाचित ६४ फुटीच घ्या, रांगेत पाच-सहा लावले की नजर हटत नाही. माळा, गच्चीवरची खोली किंवा पलंगाखालून ओढायचं टेबल असेल, तर मी आपला ५७ फुटीच म्हणेन. तो हलका येतो, एवढंच. मी आत पाच रुपयांची जुनी जाड नाणी चिकटवून १४० ग्रॅमपर्यंत नेला. तेव्हापासून पावसाळ्यात प्लाय फुगून सांधे वरखाली झाले तरी रुळावरून उतरलेला नाही.

६४ फुटी सध्या काचेच्या कपाटात आहे. कुणाला बदल्यात हवा असेल तर सांगा. एक पायरी तुटलेली आहे, ती धक्क्याच्या कोपऱ्यापाशी कुठेतरी पडलीय.