‘असाइनमेंट करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

बीसीएस, बीसीए, पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. त्यातही खेड्यातून येऊन नांदेड, लातूर, संभाजीनगरला खोली करून राहणाऱ्यांनी जरूर वाचा. सबमिशन तोंडावर आलं की व्हॉट्सॲपवर ‘सी, पायथन, जावाचे प्रोग्रॅम करून मिळतील, फक्त ३०० रुपये’ असे मेसेज फिरू लागतात. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर आलेल्या अशाच एका नंबरवाल्याने माझे ४,३०० रुपये नेले. पैसे गेले ते गेलेच, वर कितीतरी दिवस मला धाकात ठेवलं.

मी कंधार तालुक्यातली. बारावीपर्यंत घरी कॉम्प्युटर नव्हता. कॉलेजात सी शिकताना लिंक्ड लिस्टपाशी, म्हणजे एकमेकांना साखळीसारख्या जोडलेल्या नोंदींच्या (नोडच्या) यादीपाशी, गाडी अडली. यादीच्या शेवटी नवा नोड जोडायचा होता. प्रोग्रॅम कंपाइल व्हायचा, पण रन केला की ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढंच दाखवून बंद पडायचा. कुठल्या ओळीत चुकलं, काहीच कळत नाही. वर्गात विचारायची लाज वाटायची, कारण बाकीच्यांना सगळं येतं असंच वाटत राहतं. (येत नसतं. निम्म्या वर्गाचा तोच प्रोग्रॅम अडला होता, हे मला नंतर कळलं.)

तो माणूस फोनवर फार गोड बोलला. ‘ताई, टेन्शन घेऊ नका, मीपण नांदेडचाच आहे.’ १५० रुपये आधी घेतले. ‘स्टुडंट डिस्काउंट’साठी म्हणून कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो मागून घेतला. काम झालंय म्हणत उरलेले १५० घेतले आणि मग फाइल पाठवली.

फाइल उघडली तर वरच कॉमेंटमध्ये दुसऱ्याच कुठल्या कॉलेजच्या मुलाचं नाव आणि रोल नंबर. खाली ‘कोनिओ डॉट एच’ आणि ‘सीएलआरएससीआर’. हे जुन्या टर्बो सीचं सामान. आमच्या लॅबमध्ये उबुंटूवर जीसीसी हा कंपायलर आहे, तिथे ही हेडर फाइलच नसते, त्यामुळे प्रोग्रॅम कंपाइलसुद्धा होईना. एकच फाइल ही मंडळी किती जणांना विकतात देव जाणे. नुसती व्हेरिएबलची नावं बदलून ती खपतही नाही. १९९४ साली तयार झालेलं ‘मॉस’ हे सॉफ्टवेअर नावं बदलली तरी कोडची ठेवण जुळते का ते पकडतं. आमच्या मॅडमना तर त्याचीही गरज पडत नाही, त्या दोन प्रश्न विचारतात आणि ओळखतात.

मी पैसे परत मागितले. त्याने क्यूआर कोड पाठवला, ‘रिफंड आहे, स्कॅन करून पिन टाका’ म्हणाला. पिन टाकला आणि खात्यातून २,००० गेले. नीट लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्याच खात्यातून जाणार.

यानंतरच खरा त्रास सुरू झाला. माझ्या ओळखपत्राचा फोटो मलाच पाठवून तो लिहायला लागला, ‘हे चॅट तुमच्या एचओडींना (विभागप्रमुखांना) पाठवू का? वर्ष वाया जाईल. गावाकडे वडिलांना कळवू का?’ घरी कळलं तर शिक्षण बंद करून लग्नाचं बघतील, ही भीती आमच्याकडच्या मुलींच्या मनात कायम असते आणि अशा लोकांना ती बरोबर ठाऊक असते. मेसचे २,००० रुपये मी त्याला दिले. तो लगेच आणखी मागायला लागला.

मग मी लॅबच्या मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. तिथूनच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली. बँकेने शेवटच्या रकमेतले काही पैसे होल्डवर ठेवले, बाकीचे तोवर पुढे गेले होते. म्हणून फोन जितका लवकर कराल तितकं बरं. व्यवहाराचा यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा संदर्भ क्रमांक), समोरचा यूपीआय आयडी, मोबाइल नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. भीतीपोटी चॅट डिलीट करू नका, पुरावा तोच आहे. असाइनमेंट दुसऱ्याकडून करून घेणं हा कॉलेजचा विषय आहे, तिथे काय व्हायचं ते होईल. धमकावून पैसे काढणं मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी आहे. गुन्हेगार तो आहे.

माझा प्रोग्रॅमही मॅडमनी समोर बसवून दुरुस्त करून घेतला. यादी रिकामी असताना हेड, म्हणजे पहिला नोड दाखवणारा पॉइंटर, नल (कशाकडेच न दाखवणारा) असतो आणि मी त्या नलचाच ‘नेक्स्ट’ विचारत होते. हेड नल असेल तर नव्या नोडलाच हेड करायचं, एवढी एक अट घातली आणि प्रोग्रॅम चालला.

ते लोक अजून गेलेले नाहीत. हल्ली दुसऱ्या नंबरवरून, मुलीचा फोटो लावून, ‘सीनियर दीदी’ या नावाने मेसेज येतात. बोलणं तेच, ओळखपत्राचा फोटोही आधीसारखाच मागतात.