मेनमधल्या मुलींच्या कॅम्पचे दोन उन्हाळे: पैसे भरण्याआधी वाचा

"सात आठवडे? अगं, मग वसतिगृहातच टाकतेयस की पोरीला!" पुण्याहून आईची ही पहिली प्रतिक्रिया. सात नाही गं, आपण साडेतीनच घेतलेत, मी म्हटलं. "बरं, मग रोज फोन करेल ना?" फोन नाही. "नाही म्हणजे?" नाही म्हणजे नाहीच.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक दहा वर्षांची असताना, २०२४ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेन राज्यातल्या एका जुन्या, फक्त मुलींच्या निवासी कॅम्पला पहिल्यांदा गेली. २०२५ मध्ये परत गेली. आता जानेवारी आहे, नावनोंदणीचे दिवस आहेत आणि मराठी मंडळातल्या तीन-चार घरांतून "कसा आहे गं कॅम्प?" अशी विचारणा झाली. प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. कॅम्पचं नाव देत नाही, कारण तक्रारीही लिहिणार आहे. शिवाय यातलं बरंचसं या जातीच्या सगळ्याच कॅम्पांना लागू पडेल.

'ट्रॅडिशनल' म्हणजे काय, हे मलाही आधी कळलं नव्हतं. कोडिंग किंवा फुटबॉलचा कॅम्प नव्हे. तळ्याकाठी लाकडी केबिन, खिडक्यांना काचेऐवजी जाळी, सकाळी बिगुल, झेंडावंदन, मग दिवसभर पोहणं, होडी वल्हवणं, तिरंदाजी, मातीकाम, रात्री शेकोटीभोवती गाणी. रविवारी सगळ्या पांढऱ्या कपड्यांत. शेवटच्या दिवसांत अख्खा कॅम्प दोन रंगांत वाटून चुरशीच्या स्पर्धा. हे सगळं शंभर-सव्वाशे वर्षं जुनं आहे. मेनमधला वायोनेगॉनिक आणि न्यू हॅम्पशायरमध्ये लॉरा मॅटून यांनी काढलेला केहोन्का, दोन्ही १९०२ चे. शहरातल्या मुलींना उन्हाळाभर रानात राहू द्यायचं, हे तेव्हा धाडसच होतं. आमच्या कॅम्पमध्ये केबिनच्या तुळयांवर पूर्वीच्या मुलींची रंगाने लिहिलेली नावं आहेत. लेकीच्या शेजारच्या बंकवरच्या मुलीला तिच्या आजीचं नाव सापडलं. आपल्या पोरींना तिथे आजी सापडणार नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत हे जाणवतं आणि त्याबद्दल आधी बोललेलं बरं. लेकीच्या केबिनमध्ये दहा मुली. त्यांतल्या सहा जणी एकाच उपनगरातल्या, एकमेकींना लहानपणापासून ओळखणाऱ्या. "सगळ्याच नवीन असतील," असं मी सांगून बसले होते. चूक माझी.

पैशांचं स्पष्ट सांगते. साडेतीन आठवड्यांचे पहिल्या वर्षी नऊ हजार डॉलरच्या वर गेले. गणवेश, ट्रंक, सामान नेणारा ट्रक, बसभाडं, तिथल्या दुकानाचं खातं हे वेगळे हजारभर. नवरा म्हणाला, करात काहीतरी सुटेल. नाही सुटत. मुलं सांभाळण्याच्या खर्चावर जी करसवलत मिळते ती दिवसाच्या कॅम्पला चालते, रात्री मुक्काम असलेल्या कॅम्पला चालत नाही. आमच्या हिशेबनिसाने हे एप्रिलमध्ये सांगितलं, म्हणजे ज्या वेळी सांगून काही उपयोग नसतो तेव्हा. बऱ्याच कॅम्पांकडे आर्थिक मदत असते, तिला 'कॅम्परशिप' म्हणतात. मागायला संकोच करू नका, अर्ज मात्र लवकर करा. आणि नुसतं "राहून बघू" एवढंच असेल तर गर्ल स्काउट्स, वायएमसीए किंवा फोर-एच यांसारख्या संस्थांचे आठवड्याचे निवासी कॅम्प कितीतरी स्वस्त आहेत. माझं आता असं मत आहे की पहिली पायरी तीच असावी. आम्ही थेट गच्चीवर उडी मारली.

आता फोनबद्दल. फोन, घड्याळातला फोन, टॅबलेट सगळं बंद. घरी पत्र लिहायचं. रविवारी आणि बुधवारी पत्र दिल्याशिवाय जेवणघरात प्रवेश नाही, म्हणून ती पत्रं येतात. आपण ईमेल लिहू शकतो, ते छापून तिला देतात; तिचं उत्तर मात्र टपालानेच. रोज रात्री कॅम्प शे-दोनशे फोटो चढवतो आणि इकडे आईबाप कोपऱ्यातला अर्धा कान दिसला तरी "आपलीच आहे" म्हणून मोठं करून बघत बसतात. मी पण बसले.

पहिलं पत्र सहाव्या दिवशी आलं. चार ओळी. 'मला इथे आवडत नाही. पाणी खूप गार आहे. रात्री कोणीतरी बाई रडल्यासारखं ओरडतं. मला घरी ने.' मी गाडीची किल्ली शोधायला उठले होते. नवऱ्याने आदल्या रात्रीचा फोटो समोर धरला: तीच पोरगी, ओले केस, तोंडभर चॉकलेट, दोन मुलींच्या गळ्यात हात. पत्र पाच दिवस जुनं होतं. ती ओरडणारी बाई म्हणजे लून नावाचा पक्षी. तळ्यावर रात्री त्याची हाक खरोखरच अंगावर काटा आणते.

कॅम्पने आधीच्या बैठकीत एक गोष्ट तीनदा बजावली होती: "नाही आवडलं तर मी न्यायला येईन," असं मुलीला कधीही म्हणू नका. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने घराच्या आठवणीने होणाऱ्या त्रासावर २००७ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही हेच आहे. त्या एका वाक्याने मूल तिथे रुळण्याऐवजी सुटकेचे दिवस मोजतं. मी ते वाक्य बसपाशी, निरोप देताना, म्हणून मोकळी झाले. त्याचे परिणाम तिने आणि तिच्या काउन्सेलरने, म्हणजे केबिनमधल्या मुलींना सांभाळणाऱ्या ताईने, पहिला आठवडाभर भोगले. दुसऱ्या वर्षी जीभ चावून गप्प राहिले. त्याआधी मैत्रिणीकडे दोन-तीन रात्रींचे मुक्कामही करून घेतले होते.

केस. हा विषय कुठल्याच माहितीपत्रकात नाही, म्हणून सविस्तर लिहिते. उतरल्या उतरल्या पहिलं काम उवांची तपासणी. रांगेत उभं करून कंगव्याने बटा वेगळ्या करून बघतात. लिखा सापडल्या तर उपचार तिथेच, बिल आपल्याला. जाण्याआधी आठवडाभर घरी बारीक फणी फिरवा. आमच्या लेकीचे केस कमरेपर्यंत आणि रोजची वेणी माझ्या हातची. ती स्वतः वेणी घालू शकत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रोज दोनदा तळ्यात पोहणं, ओल्या केसांवर तसंच झोपणं. तिसऱ्या आठवड्यातल्या फोटोंत ती कायम टोपीत दिसायला लागली. घरी आली तेव्हा मानेवर मुठीएवढा गुंता होता, अक्षरशः जट. न्हाणीघराच्या फरशीवर बसून खोबरेल तेल, शेपटाची कंगवी आणि अडीच तास. तिने रडत रडत तिथली चार गाणी म्हणून दाखवली, हाताच्या खुणांसकट. पुढच्या जूनमध्ये केस खांद्यापर्यंत कापले आणि तिला स्वतःची वेणी शिकवली. तुम्ही एवढं एक केलंत तरी माझं लिहिणं वसूल.

औषधं स्वतःजवळ ठेवता येत नाहीत, साधी ॲलर्जीची गोळीसुद्धा. डॉक्टरांच्या सहीचा कागद लागतो आणि आमच्या कॅम्पला गोळ्या ठरलेल्या औषध दुकानाकडून रोजच्या पुड्या करूनच हव्या होत्या. मी ट्रंकेत आईने दिलेलं सितोपलादी चूर्ण आणि क्रोसिनची पट्टी घातली होती. दोन्ही सीलबंद पिशवीत, नर्सच्या चिठ्ठीसह परत आलं.

तक्रार इथेच. पहिल्या वर्षी तिला १०२ ताप आला, एक रात्र इन्फर्मरीत, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्यात, काढली आणि आम्हाला फोन दुसऱ्या दिवशी दुपारी. उपचार व्यवस्थित झाले होते, त्याबद्दल म्हणणं नाही. पण एक रात्र ती तापात आहे आणि मी इकडे फोटोंत तिला शोधतेय, हे मला अजून पचलेलं नाही. त्यांनी माफी मागितली, "मुक्काम झाला तरच कळवतो" असं धोरण वाचून दाखवलं आणि मुक्काम झालाच होता म्हटल्यावर गप्प झाले. तर, किती तापाला, किती तासांत, कोण फोन करणार, हे लेखी मागून घ्या. पाळीचंही तसंच. दहा-अकराच्या मुलीला पहिल्यांदा तिथेच येऊ शकते. पॅडची छोटी पिशवी ट्रंकेत असू द्या आणि कोणाला सांगायचं, हे घरीच ठरवा.

गोचिडांना हलक्यात घेऊ नका. मेनमध्ये लाइम आजार भरपूर आहे. गोचीड साधारण २४ तासांहून जास्त चिकटून राहिली तरच बहुधा लागण होते, म्हणून रोज रात्री काखा, गुडघ्यामागे, कानांमागे बघण्याची सवय हेच खरं औषध. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून पाठवलं. ते कपड्यांसाठीच, अंगाला लावायचं नाही.

जेवण बरं आहे. आम्ही अंडं खातो, मांस नाही. पास्ता, चीज सँडविच, सॅलड, सूप यांवर ती व्यवस्थित राहिली आणि वरणभाताची आठवण फक्त एका पत्रात निघाली. पण शेकोटीवर भाजतात त्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांपासूनचं. कडक शाकाहारी घर असेल तर आधी बोला, बिनजिलेटिनचे मिळतात. घरून खाऊ पाठवता येत नाही. माझ्या चकल्या टपालातूनच परत.

दुसऱ्या उन्हाळ्यातलं मला मुख्य सांगायचंय. ४ जुलै २०२५ ला पहाटे टेक्सासात ग्वाडालूप नदीला पूर आला आणि नदीकाठच्या मुलींच्या एका जुन्या कॅम्पमधल्या मुली आणि काउन्सेलर मिळून २७ जणी गेल्या. जवळपास शंभर वर्षांचा कॅम्प, अशाच लाकडी केबिन, अशीच गाणी. माझी लेक त्या रात्री दुसऱ्या टोकाला, तळ्याकाठी झोपली होती आणि तिला फोन करायची सोय नव्हती. आमच्या कॅम्पने शनिवारी संध्याकाळी पत्र पाठवलं. पत्र चांगलं होतं. पण पैसे भरताना मी घोड्यांबद्दल, जेवणाबद्दल, मैत्रिणींबद्दल विचारलं होतं. रात्री दोन वाजता धोक्याचा इशारा आला तर तो कोणाच्या फोनवर वाजतो, हे विचारलं नव्हतं. सोमवारी विचारलं. उत्तर मिळालं: संचालक आणि रात्रपाळीची दोन माणसं, हवामान खात्याचा रेडिओ, जमायची जागा टेकडीवरचं जेवणघर, आणि वर्षातून एकदा सराव. एकदाच का, हेही मी विचारलं. त्या सप्टेंबरात टेक्सासने कायदा करून झोपायच्या केबिन पूररेषेच्या आत ठेवायला बंदी केली. कॅम्पांसाठी देशभराचा एकच कायदा नाही, राज्याराज्यांचे नियम वेगळे, म्हणून परवाना कोणाचा आणि शेवटची तपासणी कधी, हे आपणच विचारायचं. अमेरिकन कॅम्प असोसिएशनची मान्यता ऐच्छिक असते. ती असलेली बरी; त्यांच्या निकषात नऊ ते चौदा वयाच्या आठ निवासी मुलांमागे एक कर्मचारी लागतो. पण रात्री केबिनमध्ये प्रत्यक्ष कोण झोपतं, हे वेगळं विचारा. बऱ्याच काउन्सेलर एकोणीस-वीस वर्षांच्या पोरी असतात, काही जे-१ (सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या) व्हिसावर इंग्लंड-ऑस्ट्रेलियाहून आलेल्या. आमच्या वाट्याला आलेल्या दोघीही गोड होत्या, त्यातली एक लेकीपेक्षा जास्त घराच्या आठवणीने रडायची म्हणे.

पाण्याबाबत मात्र कॅम्पला पैकीच्या पैकी. दुसऱ्याच दिवशी पोहण्याची परीक्षा, नापास झालेली मुलगी खोल पाण्यात जाऊच शकत नाही. प्रत्येकीला जोडीदार, काठावर फळीला नावाचा बिल्ला, शिट्टी वाजली की जोडीचा हात धरून वर करायचा.

एक बारीक खटकलेलं. यातल्या अनेक कॅम्पांची नावं इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतून उचललेली किंवा तशी वाटावीत म्हणून रचलेली आहेत, आणि पहिल्या रात्रीच्या शेकोटीचे विधीही. काही ठिकाणी हे आता बदलतंय. लेकीने घरी येऊन विचारलं, "आई, त्यांच्या गाण्यातल्या इंडियन म्हणजे आपण का?" त्या रात्री मेनच्या मूळ रहिवाशांबद्दल, वाबनाकी लोकांबद्दल, आम्ही दोघींनी शोधून वाचलं. कॅम्पने ते गाणं दुसऱ्या वर्षी काढून टाकलेलं दिसलं.

आणि पत्रं. पहिल्या वर्षीची सगळी इंग्रजीत होती. दुसऱ्या वर्षीचं पहिलंच पत्र उघडलं तर देवनागरी. रविवारच्या मराठी शाळेचा गृहपाठ वर्षभर टाळणारी पोरगी, 'कोनी वाचू नये म्हनुन मराठीत लिहीते आहे' अशी सुरुवात करून तीन पानं केबिनमधल्या भांडणाचा सगळा कच्चा चिठ्ठा. वेलांट्या चुकलेल्या, 'ण' एकही नाही. आईला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तिने दुरुस्त करून लाल शाईत परत पाठवला.

यंदाची अनामत भरली आहे, साडेतीन आठवड्यांचीच. लेकीला सात हवे आहेत, तिच्या मते अर्ध्यात परत येणं म्हणजे सिनेमाच्या मध्यंतरात उठणं. नवरा म्हणतो, आधी पैसे मोज. मार्चअखेरपर्यंत बदलता येतं, तोवर घरात रोज जेवताना हाच विषय.