'द्राक्ष' टाईप व्हायला दोन सेकंद : व्हीएस कोडमधल्या तपासणीच्या साधनांचा अनुभव

मी पाथर्डी फाट्याला राहते आणि घरूनच काम करते. निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या तीन द्राक्ष पॅकहाउसना (माल निवडून, पॅक करून पाठवायच्या जागांना) लागणारं सॉफ्टवेअर मी लिहिते आणि सांभाळते. मालाची आवक, ग्रेडिंग, पॅलेटची लेबलं, शेतकऱ्यांची बिलं असं सगळं त्यात येतं. जानेवारी ते मार्च हा आमचा सीझन. या दिवसांत मॅनेजरचा फोन कधीही वाजतो. "ताई, उद्या सकाळी कंटेनर लागतोय. लेबलवर प्लॉट नंबर खाली घ्यायला सांगितलंय. आज रात्री होईल का?" करावंच लागतं, कारण द्राक्ष थांबत नाही.

नेमका तेव्हाच माझा एडिटर अडखळायला लागला. सात वर्षं जुना लॅपटॉप, दोन कोरचा प्रोसेसर, 8 जीबी रॅम, एसएसडी, त्यावर लिनक्स मिंट आणि कोड लिहायचा एडिटर व्हीएस कोड. लेबलचा मजकूर मराठीत असतो, तो मी इन्स्क्रिप्ट कीबोर्डने टाईप करते. 'द्राक्ष' लिहायला सात कळा दाबायच्या. त्या दाबून झालेल्या असायच्या आणि पडद्यावर नुसता 'द' दिसायचा. मग पाय मोडलेला 'द्', मग 'द्रा', मग थोडं थांबून 'क', आणि शेवटी 'क्ष' जुळायचा. इंग्रजीत अक्षर उशिरा आलं तर नुसता उशीर जाणवतो. मराठीत अर्धवट जोडाक्षर समोर थांबून राहतं, आणि हात चुकला की काय असं वाटून आपण बॅकस्पेस मारतो. ते बॅकस्पेसही मागाहून पोचतं आणि बरोबर लिहिलेलं खोडून टाकतं. एका रात्री एका गावाचं नाव मी चार वेळा लिहिलं.

कॉलेज रोडच्या बाजूला एका दुकानात लॅपटॉप दाखवला. त्यांनी उघडून न बघताच सांगितलं, "मॅडम, आता याच्यात काही राहिलं नाही. नवीन घ्या." मला ते पटलं नाही. त्याच मशीनवर ब्राउझर, डेटाबेस, प्रिंटिंग सगळं नीट चालत होतं. 'फ्री' कमांड चालवून पाहिली तर रॅम शिल्लक होती आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) जवळजवळ वापरलाच जात नव्हता. रॅम संपली असती तर स्वॅप भरलेला दिसला असता.

तरी पहिले दोन दिवस मी वाया घालवलेच. कोणीतरी हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे पडदा रंगवायचं काम ग्राफिक्स चिपकडे देण्याची सोय, बंद करायला सांगितलं, म्हणून ते बंद केलं. पडदा काळा होत असेल, अक्षरं फाटत असतील, ग्राफिक्स ड्रायव्हरचा घोळ असेल तर हा उपाय लागू पडतो. माझ्याकडे तसं काहीच नव्हतं. उलट ग्राफिक्सचं कामही प्रोसेसरवर आलं आणि स्क्रोल करणंसुद्धा जड झालं. परत चालू केलं.

मग मी एडिटरच्या आतच असलेली साधनं वापरली. हा रिव्ह्यू त्यांचाच आहे, कारण रोज हा एडिटर वापरणाऱ्या माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना ती माहीत नाहीत.

सुरुवात प्रोसेस एक्सप्लोररपासून करा. हेल्प मेनूत आहे. व्हीएस कोड इलेक्ट्रॉन या ब्राउझरच्या सांगाड्यावर बांधलेला आहे, म्हणजे आतून तो क्रोमियम ब्राउझरसारखाच अनेक प्रोसेसमध्ये, स्वतंत्र चालणाऱ्या भागांत, वाटलेला असतो. खिडकी वेगळी, ग्राफिक्स वेगळं, टर्मिनल वेगळं, फाइल्स बदलल्या का ते बघणारा फाइल वॉचर वेगळा आणि सगळी एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला वरून जोडलेली छोटी साधनं, ज्यात चालतात तो एक्स्टेन्शन होस्टही वेगळा. कोण किती प्रोसेसर आणि मेमरी खातंय ते इथे समोर दिसतं. मी टाईप करत होते तेव्हा एक्स्टेन्शन होस्ट एक पूर्ण कोर धरून बसला होता आणि त्याच्या पाठोपाठ खिडकीची प्रोसेस. आणि प्रोजेक्ट उघडल्याबरोबर काही सेकंद फाइल वॉचर सर्वांत वर. म्हणजे दुखणी दोन होती. इतका वेळ मी त्यांना एकच समजून औषध शोधत होते.

फाइल वॉचरचं आधी सांगते, ते लवकर मिटलं. टर्मिनलमध्ये 'कोड' लिहून पुढे दोन डॅश आणि 'स्टेटस' दिलं की चालू प्रोसेसची यादी आणि उघडलेल्या फोल्डरमधल्या फाइल्सची मोजदाद मिळते. माझ्या प्रोजेक्टसमोर 20 हजारांहून जास्त असा आकडा आला. माझा स्वतःचा कोड चारशे फाइल्सचासुद्धा नाही! बाकीचे होते पॅलेटचे फोटो. कंटेनर भरताना प्रत्येक पॅलेटचे चार-पाच फोटो काढून ठेवतात, पुढे मालाबद्दल तक्रार आली तर दाखवायला. तपासणीसाठी तीन सीझनचे फोटो मी प्रोजेक्टच्या आतच उतरवून ठेवले होते. तारीख, त्यात कंटेनर, त्यात पॅलेट अशी अठरा हजारांच्या आसपास फोल्डर.

लिनक्सवर फाइल बदलली की नाही हे कळायला आयनोटिफाय नावाची कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) सोय वापरली जाते आणि तिथे प्रत्येक फोल्डरसाठी वेगळी नजर लावावी लागते. मोठं फोल्डर उघडल्यावर 'फाइल्सवर नजर ठेवता येत नाही' असा इशारा अनेकांनी पाहिला असेल. ती मर्यादा जुन्या कर्नलमध्ये 8192 असायची, 5.11 पासून ती रॅमच्या हिशेबाने ठरते. नेटवर जो तो मर्यादा 524288 करा म्हणून सांगतो. इशारा येत असेल तर जरूर करा. मला इशारा आलाच नव्हता, कारण मर्यादा संपली नव्हती. ती वाढवून माझं काहीच भलं झालं नसतं. एडिटर ती अठरा हजार फोल्डर इमानाने फिरून येत होता, तेच थांबवायचं होतं. सेटिंगमधल्या वॉचर एक्स्क्लूडमध्ये आणि सर्च एक्स्क्लूडमध्ये फोटोंचं फोल्डर टाकलं, दुसऱ्या दिवशी ते प्रोजेक्टच्या बाहेरच हलवलं. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर उघडायचा वेळ चाळीस सेकंदांवरून सहावर आला.

टायपिंग मात्र होतं तसंच.

एक्स्टेन्शन होस्टमध्ये माझी सत्तावीस एक्स्टेन्शन एकत्र चालतात आणि प्रोसेस एक्सप्लोरर त्यांचा हिशेब वेगवेगळा देत नाही, ही त्याची मोठी उणीव. अशा वेळी कामाला येतं एक्स्टेन्शन बायसेक्ट. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून नाव लिहायचं. ते अर्धी एक्स्टेन्शन बंद करून खिडकी पुन्हा उघडतं आणि विचारतं, त्रास अजून आहे का? तुम्ही हो किंवा नाही सांगायचं. त्यावरून ते उरलेल्यांतली अर्धी बंद करतं. सत्तावीसातून एक शोधायला पाच-सहा फेऱ्या पुरतात. एकेक बंद करून बघत बसले असते तर संध्याकाळ गेली असती. हे पंधरा मिनिटांत झालं. तुमच्या सेटिंगला धक्का लागत नाही, मध्येच सोडून दिलं तरी सगळं जागेवर येतं. हे ज्यांनी बनवलं त्यांचे मी मनापासून आभार मानते.

एक काळजी घ्या. प्रत्येक फेरीत चाचणी तीच हवी. मी शेतकऱ्यांच्या यादीची फाइल उघडायचे, त्याच ओळीवर जायचे आणि 'कसबे सुकेणे' लिहायचे. पहिल्यांदा मी दरवेळी वेगळ्या फाइलमध्ये टाईप करून पाहिलं होतं, तेव्हा शेवटी भलत्याच एक्स्टेन्शनचं नाव आलं. शिवाय दोन एक्स्टेन्शन मिळून त्रास देत असतील तर बायसेक्टला ते पकडता येत नाही.

सापडलं ते स्पेलिंग तपासणारं एक एक्स्टेन्शन. शेतकऱ्यांची यादी नऊ हजार ओळींची आहे. नाव, गाव, गट नंबर, सगळं देवनागरीत. उगाव, शिवडी, खेडगाव, मोहाडी यातला एकही शब्द त्याच्या शब्दकोशात नव्हता, म्हणून प्रत्येकाखाली नागमोडी रेघ. एक कळ दाबली की पूर्ण फाइलची तपासणी नव्याने, आणि हजारो रेघांची यादी पुन्हा खिडकीकडे. एक्स्टेन्शन वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवलेली असतात ती टायपिंग अडू नये म्हणूनच. पण रेघा आखायचं काम शेवटी खिडकीलाच करावं लागतं. दोन कोरच्या मशीनवर दोघी मिळून सगळी जागा अडवून बसल्या होत्या. खात्री करायला रनिंग एक्स्टेन्शन्स या पानावरून तीस सेकंदांचं प्रोफाइल, म्हणजे कोणतं एक्स्टेन्शन प्रोसेसरचा किती वेळ खातं याची नोंद, रेकॉर्ड केलं. त्यातही हेच नाव सर्वांत वर आलं.

ते बंद केलं आणि 'द्राक्ष' लिहिलं. बोट उचलायच्या आत 'क्ष' उमटला होता. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. त्याच बैठकीत लेबल दुरुस्त करून पाठवलं.

या साधनांना मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण कापला तो ती मेनूत आणि कमांडमध्ये इतकी आत आहेत म्हणून. एडिटर संथ झाल्याचं त्याने स्वतःच ओळखून ही वाट दाखवायला हवी. पैसे काही लागत नाहीत. त्याच कोडवर बांधलेला व्हीएसकोडियम वापरत असाल तर त्यातही हेच सगळं मिळतं. हा एडिटरच नको असेल तर केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा केट हा एडिटर चांगला आहे. तो ब्राउझरच्या सांगाड्यावर उभा नसल्यामुळे जुन्या मशीनवर हलका चालतो. छोट्या दुरुस्त्या मी आता त्यातच करते.

एक्स्टेन्शन बनवणाऱ्यांना प्रोफाइलची फाइल जोडून तक्रार पाठवली आहे. त्यांना नमुना म्हणून शेतकऱ्यांची यादीही हवी होती. खरी नावं आणि गट नंबर बाहेर द्यायचे नव्हते, म्हणून प्रत्येक नावाच्या जागी तितक्याच अक्षरांचा कुठला तरी मराठी शब्द टाकून नऊ हजार ओळींची दुसरी फाइल तयार केली. ती उघडल्यावरही टायपिंग तसंच अडखळतंय हे तपासून मगच जोडली. त्यांचं उत्तर यायचंय. तोवर ते एक्स्टेन्शन बंद आहे.