‘मॅडम, आवाज तुटतोय’: बँडविड्थ कंट्रोल आणि पोर्ट फॉरवर्डिंगचे सात महिने

मी सांगलीत घरून दहावी-बारावीच्या गणिताचे ऑनलाइन तास घेते. माझे दीर लग्नाचे फोटो काढतात. तुळशीचं लग्न झालं की दोघांचाही हंगाम एकदम सुरू होतो: माझा सराव परीक्षांचा, त्यांचा लग्नसराईचा. एका लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ मिळून ५०-६० जीबी होतात आणि ते त्याच रात्री क्लाउडवर चढवायचे असतात. भाऊजींनी अपलोड लावलं की पाचव्या मिनिटाला मुलं चॅटमध्ये लिहायला लागायची, ‘मॅडम, आवाज तुटतोय’.

प्लॅन ५० एमबीपीएसचा होता. आम्ही दोन वर्षं हेच समजत होतो की स्पीड कमी पडतोय. नेटवाल्याचा माणूस यायचा, लॅपटॉपवर स्पीड टेस्ट लावायचा, ४९ दाखवायचा आणि जायचा. त्याचा आकडा खोटा नव्हता आणि माझी तक्रारही खोटी नव्हती. शेवटी मी स्वतः पिंग लावून बसले, म्हणजे एक छोटा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजत राहिले. घरात कुणी काही करत नसताना ९ मिलिसेकंद. भाऊजींचं अपलोड सुरू झालं आणि आकडा चढत चढत ३८० वर गेला. अपलोड थांबवलं की पुन्हा ९.

आमच्याकडे हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. मागे अडकलेल्या मोटरसायकलवाल्याला रस्ता किती रुंद आहे याचं काय? त्याला रांगेतून वाट हवी असते. नेटचंही तसंच. अपलोडची पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) नेटवाल्याने बसवलेल्या फायबरच्या डब्यातल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साचतात आणि माझ्या आवाजाचं छोटंसं पाकीट त्यांच्या मागे उभं राहतं. याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. संगणक अभियंते जिम गेटिस यांनी हा शब्द रूढ केला, कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर ‘कोडेल’ ही रांग लांबू न देणारी पद्धत मांडली, आणि तिच्यापासून पुढे वाढलेली ‘केक’ ही रांग २०१८ पासून लिनक्स या मोफत सिस्टिमच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहे. इतकं चांगलं काम फुकट उपलब्ध असताना घरोघरी लोक फक्त प्लॅन वाढवत बसतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधीच्या राउटरवर ‘बँडविड्थ कंट्रोल’ नावाचं पान होतं. प्रत्येक आयपीला (घरातल्या यंत्राच्या नेटवर्कवरच्या पत्त्याला) कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, एवढंच त्यात भरता यायचं. मी भाऊजींच्या कॉम्प्युटरला अपलोडसाठी १० एमबीपीएसची मर्यादा घातली. माझे तास सुधारले. पण ती मर्यादा रात्री दोन वाजताही तशीच, घर झोपलेलं असतानाही. ६० जीबीला १० च्या गतीने तेरा तासांहून जास्त लागतात. एका सकाळी अल्बमवाल्याचा फोन आला तेव्हा निम्मे फोटोसुद्धा चढले नव्हते. भाऊजी मला काही बोलले नाहीत, पण कुणा एकाला कायमचं बांधून ठेवणं हा उपाय नव्हे, हे मला त्या दिवशी पटलं.

नोव्हेंबरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मोफत, लिनक्सवरची सिस्टिम चालणारा गिगाबिट राउटर घेतला आणि त्यावर एसक्यूएम हे रांग सांभाळणारं पॅकेज टाकलं. तेव्हाचं सेटिंग असं: इंटरफेस वॅनचा (बाहेरच्या नेटकडे जाणारा), रांग ‘केक’, स्क्रिप्ट ‘पीस ऑफ केक’, डाउनलोड आणि अपलोड दोन्ही ४५०००. आकडा किलोबिटमध्ये भरायचा असतो. मी पहिल्यांदा ४५ लिहिलं आणि घरातलं सगळं नेट जागच्या जागी थांबलं. खऱ्या स्पीडपेक्षा दहा टक्के कमी भरायचं, कारण रांग फायबरच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागली पाहिजे. तिथे लागली तरच राउटरला ती नीट लावता येते.

एक बारीक गोष्ट मला तीन आठवड्यांनी कळली. क्लाउडचं ॲप एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडतं, त्यामुळे कनेक्शनप्रमाणे समान वाटणी केली तरी भाऊजींच्या कॉम्प्युटरलाच जास्त वाटा जातो. प्रगत पर्यायांमध्ये अपलोडसाठी ‘नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट’ आणि डाउनलोडसाठी ‘नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट’ असे शब्द लिहिले की वाटणी घरातल्या प्रत्येक यंत्राप्रमाणे होते. हे शब्द राउटरमध्ये अर्थातच इंग्रजीत लिहायचे. त्यातलं ‘नॅट’ (घरातले सगळे पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे ठेवणारी पद्धत) विसरलात तर राउटरला घरातली सगळी यंत्रं एकच दिसतात. आता अपलोड चालू असताना पिंग १४ ते १८ असतो. मी तासाला नसेन तेव्हा भाऊजींना पूर्ण ४५ मिळायला लागले. पूर्वी ते दारातून विचारायचे, ‘‘वहिनी, तास संपला का? अपलोड लावू?’’ आता विचारावं लागत नाही.

एप्रिलमध्ये प्लॅन १०० चा केला आणि आकडे ९०००० करायचे राहून गेले. दहा दिवस नव्या प्लॅनचे पैसे भरून आम्ही ४५ वरच होतो. प्लॅन बदलला की हे आधी बघा. हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग (पाकिटं प्रोसेसरला टाळून थेट चिपमधून पुढे पाठवायची सोय) चालू असेल तर पाकिटं एसक्यूएमला वळसा घालून जातात, ते बंद ठेवा. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. आमच्या राउटरला १०० झेपतात, पण तुमचा प्लॅन ५०० चा असेल तर त्या ताकदीचाच राउटर घ्या. आणि वरच्या खोलीत वायफायची रेंजच नसेल तर यातल्या कशानेही फरक पडणार नाही. माझ्या तासाच्या टेबलापर्यंत मी लॅन केबलच ओढून घेतली.

पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे राउटरवर ठरावीक क्रमांकाचं दार (पोर्ट) उघडून बाहेरून येणाऱ्याला घरातल्या एका यंत्राकडे पाठवणं, भाऊजींसाठी हवं होतं. घरातल्या नॅसवरचे (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावरचे) फोटो त्यांना मंगल कार्यालयातून, प्रवासातून बघायचे होते आणि स्टुडिओच्या डीव्हीआरचे (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे) कॅमेरेही. दोन संध्याकाळी नियम लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. बाहेरून काहीच उघडेना. मग राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता पाहिला, तो १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये सीजीनॅटसाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता, आणि तुम्ही घरात कितीही पोर्ट उघडा, वरचं दार तुमच्या हातात नाही. नियम लिहायच्या आधी हा पत्ता बघा, तुमच्या दोन संध्याकाळी वाचतील.

वर्षाचे वेगळे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, घेतला. फायबरचा डबा ब्रिज मोडवर (नुसतं पुढे पाठवण्यापुरता) करून घेतला, म्हणजे पीपीपीओईचं (नेटवाल्याकडच्या लॉगिनचं) नाव आणि पासवर्ड आपल्या राउटरमध्ये येतात आणि दुहेरी नॅट राहत नाही. नॅसला १९२.१६८.१०.२० हा पत्ता राखून ठेवला. तो राखला नाही तर वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलू शकतो आणि नियम भलत्याच यंत्राकडे बोट दाखवत बसतो. तपासताना फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासलं.

सुरुवातीला चार पोर्ट उघडले होते: नॅसचं पान, डीव्हीआरचे ८० आणि ८०००, आणि एडिटिंगच्या कॉम्प्युटरसाठी रिमोट डेस्कटॉपचा ३३८९. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना नॅसचा लॉग उघडला. रात्रभरात ‘ॲडमिन’, ‘रूट’, ‘टेस्ट’ अशा नावांनी लॉगिनचे फसलेले प्रयत्न, पान खाली सरकवत गेले तरी संपेनात. आमचं नाव-गाव कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. यंत्रं इंटरनेटवरचे सगळे पत्ते एकामागून एक ठोठावत असतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्याने) कंपनीचाच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर असेच हजारोंनी ताब्यात घेतले होते. त्या नॅसवर लोकांच्या लेकींच्या लग्नाचे फोटो आहेत. माझ्या हाताला घाम आला, आणि चहा तसाच ठेवून मी चारही नियम बंद केले.

आता राउटरवरच वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरापर्यंतची कुलूपबंद वाट, आहे. त्यासाठी ५१८२० हा एकच यूडीपी पोर्ट फायरवॉलमध्ये उघडा आहे. ओळखीची किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून ठोठावणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. भाऊजी फोनवर एक बटण दाबतात आणि कोल्हापूरच्या मंगल कार्यालयातून घरचं नॅस, कॅमेरे, कॉम्प्युटर सगळं घरात बसल्यासारखं वापरतात. फॉरवर्डिंगच्या यादीत आता एकच ओळ उरली आहे, ग्राहकांना अल्बमचे फोटो निवडण्यासाठी ४४३. नवरीच्या आईला वायरगार्ड घालायला सांगता येत नाही, म्हणून ती ठेवली. त्या लॉगिनला फक्त बघण्याची परवानगी आहे आणि निवड झाली की ते खातं त्याच दिवशी बंद होतं. यूपीएनपी मी चालू केलेलं नाही. घरातल्या कुठल्याही यंत्राने मला न विचारता पोर्ट उघडलेला मला चालणार नाही.

मे महिन्यात वळवाच्या पावसात रोज वीज जात होती. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही एका छोट्या यूपीएसवर घेतले आहेत. ओपनडब्ल्यूआरटी अपडेट करताना सेटिंग टिकतात, पण वरून टाकलेली पॅकेज साध्या पद्धतीने टिकत नाहीत, त्यासाठी ‘अटेंडेड सिसअपग्रेड’ वापरते. सगळे आकडे, पत्ते आणि पीपीपीओईचं नाव एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. बॅकअपची फाइल भाऊजींच्या पेन ड्राइव्हवर आहे, आणि मी घरी नसताना ती कुठून चढवायची हे त्यांना एकदा करून दाखवलं आहे.