झीरो क्लायंट + होस्ट कार्ड, की साधा थिन क्लायंट + आरडीपी? फर्मवेअरच्या बाजूने बघितलं तर

कॅडची वर्कस्टेशनं एसीच्या खोलीत कोंडायची आणि टेबलावर फक्त छोटा डबा ठेवायचा हे एकदा ठरलं की मग डबा कुठला घ्यायचा यावर घोडं अडतं. मी हे भोसरीतल्या एका टूल डिझाइन ऑफिससाठी केलंय, दोन्ही प्रकार तिथे बरेच दिवस शेजारीशेजारी चालले, त्यामुळे दोघांचेही गुण माहितीयेत. माझ्याकडे लेटन्सीचे, म्हणजे चित्र यायला लागणाऱ्या उशिराचे, आलेख वगैरे नाहीत हे आधीच सांगतो, दिवसभर त्यावर मोल्ड काढणाऱ्या पोरांच्या तक्रारी हेच माझं मोजमाप.

एक पर्याय म्हणजे पीसीओआयपीवाला (पीसीओआयपी म्हणजे दूरच्या पीसीचं चित्र नेटवर्कवरून आणायची एक पद्धत) झीरो क्लायंट, म्हणजे ओएस नसलेला डबा, आत टेरा२ चिप, आणि होस्टच्या, म्हणजे वर्कस्टेशनच्या, स्लॉटमध्ये त्याच घराण्यातलं होस्ट कार्ड. ग्राफिक्स कार्डाचं आउटपुट केबलने थेट त्या कार्डात जातं आणि तिथून नेटवर्कवर. दुसरा पर्याय, इंटेलवाला साधा थिन क्लायंट, म्हणजे छोटी ओएस असलेला हलका पीसी, त्यात लिनक्सची इमेज (ओएसची तयार प्रत) आणि फ्रीआरडीपी हे जोडणारं सॉफ्टवेअर, आणि समोर विंडोज प्रोची स्वतःची आरडीपी, म्हणजे रिमोट डेस्कटॉप. कुठल्या डब्याला किती पोर्ट आणि किती रॅम ते डेटाशीटमध्ये बघून घ्या, त्यावर निर्णय अडत नाही.

चित्राबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही, झीरो क्लायंट पुढे आहे. हलवताना जरा मऊ दिसलं तरी हात थांबला की चित्र हळूहळू पूर्ण लॉसलेसपर्यंत, म्हणजे हुबेहूब मुळासारखं, येतं. आरडीपीला तसंच सोडलं तर ऑटोकॅडच्या काळ्या बॅकग्राउंडवरची बारीक लाल रेघ बघा, कडेने पुसल्यासारखी दिसते, निळ्या डायमेन्शनचंही तेच. कारण साधं आहे, नेहमीच्या एच.२६४ मध्ये (चित्र दाबून पाठवायचा कोडेक) रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच जाते. विंडोज १० आणि सर्व्हर २०१६ पासून ग्रुप पॉलिसीत एव्हीसी ४४४ (प्रत्येक पिक्सेलचा रंग पाठवणारा एच.२६४ चाच प्रकार) चालू करता येतं, ते केलं की रेघ जागेवर येते, पण क्लायंटच्या फ्रीआरडीपीच्या बिल्डमध्ये एच.२६४ चा सपोर्ट घातलेला पाहिजे, नाहीतर जुन्या कोडेकवर गुपचूप खाली उतरतं आणि तुम्ही म्हणता नेटवर्क स्लो आहे. फ्रेमरेटही मुळात ३० ला अडवलेला असतो, होस्टच्या रजिस्ट्रीत डीडब्ल्यूएमफ्रेमइंटरव्हल १५ केलं की ६० पर्यंत जातो. आणि ग्राफिक्स कार्ड क्वाड्रो असेल तर आरडीपीवर ओपनजीएल (कॅडची थ्रीडी चित्रं ज्यावर चालतात ते) सरळ चालतं, जीफोर्स असेल तर त्यासाठी एनव्हिडियाने २०२० मध्ये वेगळं टूल दिलं, ते चालवायला लागतं. म्हणजे हा पर्याय बॉक्समधून काढला आणि लावला असा नाहीये, पहिला आठवडा सेटिंगमध्ये जातो. थ्रीडी माउसचंही तसंच, झीरोवर लावला की चालतो, आरडीपीवर यूएसबी रिडायरेक्शनशी भांडायला लागतं.

मग इतकं असून मी दुसऱ्या बाजूला का गेलो, तर फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतच बसवलेलं सॉफ्टवेअर.

झीरो क्लायंटला ओएस नाही, व्हायरस नाही, पॅच नाही असं विकणारे सांगतात आणि ते खोटं नाहीये, पण फर्मवेअर आहे ना, आणि ते एका टोकाला नाही, दोन्ही टोकांना आहे. टेबलावरच्या डब्यात एक, होस्ट कार्डात एक, शिवाय विंडोजमध्ये त्या कार्डाचं होस्ट सॉफ्टवेअर, ज्याच्याशिवाय लोकल कर्सरसारख्या सोयी मिळत नाहीत. दोन्हीकडे एकाच रिलीजचं फर्मवेअर ठेवा असाच सल्ला असतो. हे म्हणजे लग्नात दोन्हीकडच्या मंडळींना एकाच पंगतीत बसवायचं, एक बाजू उशिरा आली की वाढपी ताटकळले. क्लायंटची बाजू सोपी आहे, मॅनेजमेंट कन्सोलवरून रात्रीचं शेड्यूल लावलं की सकाळपर्यंत सगळे डबे नव्या व्हर्जनवर. पण होस्ट कार्डाच्या वेब पेजवर जाऊन फाइल चढवली, रिसेट दाबलं, तरी काम संपत नाही, वर्कस्टेशन पूर्ण बंद करून परत चालू करावं लागतं. रिस्टार्ट चालत नाही. पूर्ण बंद.

वाचताना हे किरकोळ वाटतं. आता खरा प्रसंग डोळ्यासमोर आणा. आमच्याकडे गुरुवारची सुट्टी असते, भोसरी एमआयडीसीत बहुतेकांना तीच, म्हणजे अपडेटला तोच दिवस मोकळा. पण नेमके त्याच दिवशी लोक मोल्डफ्लोचं (मोल्डमध्ये प्लास्टिक कसं भरेल ते दाखवणारं सॉफ्टवेअर) ॲनालिसिस लावून जातात, कारण मशीन रिकामं मिळतं, त्यामुळे निम्मी वर्कस्टेशनं बंद करायची सोयच नसते, आणि उरलेल्या निम्म्यांवर कोणीतरी सेव्ह न केलेली असेंब्ली उघडी ठेवून गेलेला असतो. त्याला फोन करायचा, तो गावाला, मग तो म्हणणार दादा उद्या करा ना. बरं, ज्यांनी कार्डं बसवून दिली त्यांनी काही मशीनमध्ये पॉवर बटणाची केबल कार्डाला जोडलीच नव्हती. ती केबल असली की झीरो क्लायंटवरूनच होस्ट चालू करता येतो, नसली की शटडाउन केल्यावर खोलीची चावी शोधा, रॅकमध्ये हात घाला, बटण दाबा. बरं एवढं करून मधल्या काळात निम्मी कार्डं नव्या रिलीजवर आणि निम्मी जुन्या, आणि क्लायंट तर कन्सोलने सगळेच पुढे नेऊन ठेवलेले. सोमवारी एखाद्याचा दुसरा मॉनिटर उठत नाही, तो फर्मवेअरच्या फरकामुळे की केबलमुळे की ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे हे शोधण्यात अर्धा दिवस. खूपदा फर्मवेअरचा काही संबंधच नसायचा, पण सपोर्टवाल्याचा पहिला प्रश्न तोच, दोन्हीकडे व्हर्जन सारखं आहे का, आणि ते सारखं करून दाखवल्याशिवाय तो पुढे सरकत नाही.

मला खरं तर ह्याच एका गोष्टीने वैताग आणला. चिप चांगली, चित्र चांगलं, पण क्लायंटच्या अपडेटसाठी होस्टला हात लावायला लागतो हे मला पटत नाही. होस्टवर लोकांचं काम असतं, डब्यावर नसतं.

जुना माल घेणाऱ्यांसाठी इथेच अजून एक. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन स्वस्तात झीरो क्लायंट दिसतात, त्यात टेरा१ चे, म्हणजे आधीच्या पिढीच्या चिपचे, बरेच असतात. टेरा१ चं फर्मवेअर ४ च्या मालिकेतच थांबलं, ५.० आलं ते फक्त टेरा२ ला. मॅनेजमेंट कन्सोलचीही तिथेच फाळणी झाली, १ ची मालिका जुन्या फर्मवेअरला आणि २ पासून पुढची ५.० च्या पुढच्यांना. मिक्स माल घेतला की दोन कन्सोल सांभाळत बसा. आणि फर्मवेअरची फाइल कुठल्या सपोर्ट करारावर मिळणार हे पैसे देण्याआधी विचारा, टेराडिसी ही मूळ कंपनी २०२१ मध्ये एचपीकडे गेलीय, त्यामुळे जुन्या लिंका आणि जुने सल्ले तपासून घ्या.

आता आरडीपीवाली बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असं नाही हां. २०१८ आठवत असेल काहींना, मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने क्रेडएसएसपीचा (आरडीपीत लॉगिन तपासणारा भाग) पॅच दिला आणि ८ मेच्या अपडेटने त्याची डिफॉल्ट सेटिंग कडक केली, त्यानंतर पॅच झालेला विंडोज क्लायंट पॅच न झालेल्या होस्टला जोडायलाच तयार होईना, एन्क्रिप्शन ओरॅकल रेमेडिएशन असं काहीतरी अगम्य लिहून एरर यायचा. तेव्हा आमच्याकडे थोडे विंडोज एम्बेडेडवाले थिन क्लायंट होते आणि होस्टवर अपडेट मुद्दाम अडवून ठेवलेले, कॅडच्या लायसन्सला काही होईल या भीतीने. सकाळी निम्मं ऑफिस बाहेर. त्यात राइट फिल्टर, म्हणजे डब्यावर काही बदल केला की रिबूटला परत पहिल्यासारखा. पण बघा, उपाय काय होता? होस्टला विंडोज अपडेट द्या, एक रिस्टार्ट, संपलं. कार्ड नाही, पॉवर बटण नाही, चावी नाही. उलट्या बाजूची अडचण, म्हणजे होस्टवर टीएलएस १.० (जोडणी सुरक्षित ठेवायची जुनी पद्धत) बंद केलं आणि जुन्या इमेजचा डबा त्याच्या पुढचं बोलूच शकत नाही, तिथे तर होस्टकडे बघायचीही गरज नाही, डब्यावर नवी इमेज टाकली की झालं, आणि काही गडबड झालीच तर पेनड्राइव्हवरून जुनी इमेज परत. तो माणूस तोपर्यंत शेजारच्या रिकाम्या डब्यावरून आपल्या त्याच सेशनमध्ये जाऊन बसतो, असेंब्ली उघडीच.

म्हणून विंडोजवाला थिन क्लायंट मी आता सुचवत नाही, लिनक्सवालाच. कंपनीच्या स्वतःच्या ओएसचा घेणार असाल तर मोठ्या व्हर्जनच्या उडीला काय काय मागे राहतं ते बघा, उदाहरणार्थ डेल वाइजच्या थिनओएस ८ वरून ९ वर जाताना सेटिंग लिहायच्या जुन्या डब्ल्यूएनओएस आयएनआय फाइलची पद्धत गेली आणि सगळं कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट सूटमधून नव्याने मांडायला लागतं. आणि हो, इंटेलवाल्या डब्याला बायोस असतो, सिक्युअर बूटच्या (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या सर्टिफिकेटांची मुदत २०२६ पर्यंतचीच, तेव्हा ज्या मॉडेलला कंपनी अजून बायोस अपडेट देते तेच घ्या, फार जुनं उचलू नका. एवढं ओझं माझ्या आवडत्या बाजूलाही आहे.

तुमचं काम कलर ग्रेडिंगचं किंवा व्हीएफएक्सचं असेल, पेन टॅब्लेटवर रंगवायचं असेल, किंवा गिऱ्हाइकाची अट असेल की टेबलावरच्या डब्यात एक बाइटही राहायला नको, तर माझं ऐकू नका, झीरो घ्या, तिथे चित्राच्या दर्जापुढे फर्मवेअरचा त्रास सोसायला हरकत नाही. होस्टवर लिनक्स असेल तरीही, कार्ड थेट ग्राफिक्स आउटपुटवरून चित्र उचलतं, त्याला ओएसशी फारसं देणंघेणं नसतं. झीरो क्लायंट आधीच घेऊन ठेवलेत आणि फक्त कार्डाचा जाच नको असेल तर होस्टवर पीसीओआयपीचा सॉफ्टवेअर एजंट टाकून बघा, टेरा२ त्याला जोडता येतो, फक्त पीसीओआयपी अल्ट्राची, म्हणजे त्याच पद्धतीच्या पुढच्या प्रकाराची, अपेक्षा ठेवू नका, ते ह्या डब्यांवर नाही.

पण ऑफिस मेकॅनिकल कॅडचं, होस्ट विंडोज, आयटीचा माणूस एकच आणि तोही प्रिंटरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं बघणारा, असं असेल तर मी लिनक्सवाला थिन क्लायंट आणि नीट सेट केलेली आरडीपी घेईन. घेण्याआधी एक डबा आणून तुमच्या सगळ्यात किरकिऱ्या डिझायनरच्या टेबलावर ठेवा, काळ्या बॅकग्राउंडवर लाल रेघ काढायला सांगा, एव्हीसी ४४४ चालू आणि बंद दोन्ही करून. तो नाक मुरडून का होईना चालेल म्हणाला तर बाकीचे लगेच हो म्हणतात. आणि कार्डवालाच पर्याय घेणार असाल तर बसवायला येणाऱ्याला खोक्यातली पॉवर बटणाची केबल आधी दाखवायला लावा, जोडल्याचा फोटो घ्या, मगच झाकण लावू द्या.